कमी बजेटमध्ये अकूस्टिक गिटार: नवी घ्यावी की वापरलेली?

प्रश्न थोडक्यात असा आहे की बजेट कमी आहे, शिकायला आत्ताच सुरुवात करायचीय, तेवढ्याच पैशात एक नवीन लॅमिनेट टॉपची (वरची पाटी प्लायची) गिटार मिळतेय आणि एक वापरलेली सॉलिड टॉपची (वरची पाटी अखंड लाकडाची), तर कुठली घ्यावी, पिकअपवाली (स्पीकरला जोडता येणारी) घ्यावी का, आणि मित्राच्या गिटारवर दहा मिनिटांत बोटं सोलवटून निघाली म्हणजे आपल्याला हे जमणारच नाही का. गिटारींचा सेटअप (हाताला सोपी वाजेल अशी जुळवणी) आणि दुरुस्ती हेच माझं काम आहे त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कारण या प्रश्नाला "अमुक मॉडेल घ्या" एवढं एका ओळीचं उत्तर दिलं तर ते निम्म्या वेळा चुकतं.

बोटांचं आधी बोलू, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. सुरुवातीचे काही आठवडे बोटांची टोकं दुखतात, ते सगळ्यांनाच होतं. पण साधा जी किंवा सी कॉर्ड धरताना मनगट आखडत असेल, एफ कॉर्ड कितीही दाबला तरी दोन तारा मुक्याच राहत असतील, तर बहुतेक वेळा दोष तुमच्या हातात नसतो, गिटारच्या ॲक्शनमध्ये असतो. ॲक्शन म्हणजे तार फ्रेटपासून, म्हणजे नेकवरच्या (गिटारच्या दांड्यावरच्या) आडव्या धातूच्या पट्टीपासून, किती उंचीवर आहे ते. माझ्याकडे "आता सोडून देतो" म्हणत गिटार घेऊन येणाऱ्या नवख्या लोकांपैकी कितीतरी जणांची गिटार फक्त उंच असते, ती नीट करून दिली की तीच गिटार, तोच माणूस आणि एफ कॉर्ड वाजायला लागतो. म्हणून माझं ठाम मत असं की कमी बजेटमध्ये लाकूड, ब्रँड, आवाज हे सगळं दुसऱ्या नंबरवर, पहिला प्रश्न ही गिटार हाताला सोपी आहे का, आणि नसेल तर थोडक्या खर्चात सोपी करता येईल का. या दुसऱ्या भागावरच नवी-जुनीचा सगळा निर्णय उभा आहे.

ॲक्शन मोजायला खास काही लागत नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली छोटी स्टीलची पट्टी असेल तर उत्तम, नसेल तर बँकेची कार्डं चालतात. जगभर कार्डाची जाडी एकच असते, ०.७६ मिमी, म्हणजे तीन कार्डं एकावर एक ठेवली की साधारण २.३ मिमी आणि चार ठेवली की ३ मिमी. फक्त उठावदार आकडे छापलेली कार्डं घेऊ नका, त्यांनी जाडी वाढते. गिटार वाजवायच्या पोझिशनमध्ये धरायची, बाराव्या फ्रेटच्या डोक्यावर कार्डं ठेवायची आणि सगळ्यात जाड तारेखाली सरकवून बघायची. स्टीलच्या तारांच्या गिटारला जाड तारेखाली साधारण २.५ मिमी आणि सगळ्यात बारीक तारेखाली पावणेदोन ते दोन मिमी ही नवख्या माणसाला छान जागा आहे. चार कार्डं आरामात जाऊन वर जागा उरत असेल तर ती गिटार उंच आहे.

पण हे मोजायच्या आधी एक काम न चुकता करा, गिटार स्टँडर्ड ट्युनिंगला आणा. फोनवर ट्युनर ॲप असतंच. तारा एक-दोन सूर उतरवलेल्या असतील तर ताण कमी होतो, नेक सरळ होतो आणि ॲक्शन खोटी खोटी कमी दिसते, हाताला पण मऊ लागते. विकणारा मुद्दाम करतो असं नाही, कपाटात वर्षभर पडून तारा आपोआप उतरलेल्या असतात, पण घरी आणून ट्यून केल्यावर मग खरी उंची कळते.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, जो बघायला कोणी सांगत नाही. ब्रिजवर, म्हणजे बॉडीवर तारा जिथे अडकवलेल्या असतात त्या लाकडी तुकड्यावर, जी पांढरी पट्टी असते, जिच्यावरून तारा जातात, ती सॅडल. ॲक्शन कमी करायचा नेहमीचा मार्ग म्हणजे सॅडल काढून तळाकडून घासायची. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो त्यामुळे सॅडल जेवढी कमी कराल त्याच्या निम्मंच बाराव्या फ्रेटवर मिळतं. समजा तिथे ३.५ मिमी आहे आणि तुम्हाला २.५ हवंय, म्हणजे सॅडल २ मिमी उतरवावी लागणार. आता बघा ब्रिजच्या लाकडावर सॅडल किती डोकं काढून उभी आहे. चार मिमी असेल तर काही टेन्शन नाही, अर्ध्या तासाचं काम. पण दोनच मिमी असेल तर ती लाकडाच्या पातळीला जाईल, तारांना सॅडलवर दाबच राहणार नाही, आवाज पडेल आणि तारा झणझणतील. म्हणजे नुसती ॲक्शन बघून काहीच कळत नाही, ॲक्शन आणि उरलेली सॅडल हे दोन्ही आकडे एकत्र बघायचे. ॲक्शन उंच पण सॅडलही उंच, ही आनंदाने घ्यायची गिटार आहे, विकणाऱ्याला वाटतं ती वाजवायला कडक आहे म्हणून तो कमी किमतीला देतो आणि तुम्हाला ती छोट्या कामात सरळ करता येते. ॲक्शन उंच आणि सॅडल संपलेली, ही सोडून द्यायची, कितीही चकाचक असो.

ती सोडून का द्यायची तेही सांगतो. वर्षानुवर्षं तारांचा ताण (१२ नंबरच्या, म्हणजे सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंच जाड असलेल्या सेटचा मिळून साधारण ७० किलो असतो) बॉडीवर पडत राहतो आणि हळूहळू नेकचा बॉडीशी असलेला कोनच बदलतो. मग आधीच्या कोणीतरी सॅडल घासून घासून ॲक्शन खाली आणलेली असते आणि आता घासायला काही उरलेलं नसतं. याचा खरा इलाज म्हणजे नेक रीसेट, सांधा सोडवून, कोन दुरुस्त करून परत बसवायचा. महागड्या गिटारीला ते करतात आणि ते योग्यच आहे, पण स्वस्त गिटारीला त्याचा खर्च गिटारच्या किमतीपेक्षा जास्त होतो, आणि काहींचे सांधे अशा गोंदाने चिकटवलेले असतात की ते धड सुटतच नाहीत. तपासायची युक्ती सोपी, लांब सरळ पट्टी फ्रेट्सवर आडवी न ठेवता नेकच्या लांबीत ठेवा आणि ब्रिजपर्यंत न्या. पट्टीचं टोक ब्रिजच्या लाकडाच्या माथ्याला जेमतेम टेकत असेल किंवा किंचित वरून जात असेल तर कोन चांगला. ब्रिजच्या पोटात जाऊन आदळत असेल तर कोन गेला.

नट हा दुसऱ्या टोकाचा भाग, हेडस्टॉकजवळची (खुंट्या असतात त्या टोकाजवळची) खाचांची पट्टी. यातल्या खाचा कारखान्यात बऱ्याचदा मुद्दाम उथळ सोडतात, कारण जास्त खोल गेली तर तार झणझणते आणि तक्रार येते, उथळ राहिली तर नवखा माणूस समजतो गिटार अशीच असते. तपासायचं असं: तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा (दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे बोट) आणि पहिल्या फ्रेटवर किती फट उरते बघा. अगदी कागदाएवढी बारीक फट हवी, बोटाने वरून टिचकी मारली की तार हलल्याचा बारीक टक आवाज आला पाहिजे. मोठी फट दिसत असेल तर एफ कॉर्ड त्रास देणार हे नक्की, आणि वर पहिल्या दोन-तीन फ्रेटवरचे कॉर्ड बेसूर लागणार कारण तार दाबताना जास्त ताणली जाते. घाबरायचं कारण नाही, खाचा खोल करणं हे सेटअपमधलं नेहमीचं काम आहे. कॅपो (नेकवर सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) असेल तर पहिल्या फ्रेटवर लावून वाजवून बघा, अचानक गिटार सोपी वाटली तर दोष नटचाच. त्याच जोडीला, गिटार ट्यून करताना खुंटी फिरवली तरी सूर हलत नाही आणि मग टिंग असा आवाज येऊन एकदम उडी मारतो असं होत असेल तर लोक खुंट्या बदलायला निघतात, पण ती तार नटच्या खाचेत अडकत असते. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासलं तरी पुष्कळ फरक पडतो.

ट्रस रॉडबद्दल गैरसमज फार आहेत. नेकच्या आतून जाणारी ही लोखंडी सळई नेकचा बाक कमी-जास्त करते, ॲक्शन कमी करायचा तो स्क्रू नाही. जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि चौदाव्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरा, सहाव्या-सातव्या फ्रेटवर पातळ व्हिजिटिंग कार्ड सरकेल इतकी फट असली की नेक ठीक आहे. फटच नाही तर नेक मागे वाकलाय, मोठी फट असेल तर पुढे, आणि दोन्ही बहुतेक वेळा सळईने सुधारतं. ती फिरवायची तर पाव फेरा, मग परत ट्यून करून बघायचं, मग लागला तर अजून पाव. जोर लावायचा नाही. वापरलेल्या गिटारमध्ये सळई फिरते का हे जाणकार माणसाकडून बघून घ्या, आणि नवीन घेताना सळईच नसलेली गिटार टाळाच. चकचकीत रंगाच्या, ३८ इंची, पट्टा-पिक-पिशवी सगळं एकत्र देणाऱ्या अतिस्वस्त पॅकमध्ये असल्या गिटारी बऱ्याच असतात. एकदा नेक वाकला की त्यावर उपाय उरत नाही.

आता लाकूड, ज्यावर लोक सगळ्यात जास्त भांडतात. सॉलिड टॉप म्हणजे वरची पाटी अखंड लाकडाची, लॅमिनेट म्हणजे पातळ थर एकमेकांवर चिकटवलेले, साध्या भाषेत प्लाय. स्पेसिफिकेशनमध्ये नुसतं "स्प्रूस टॉप" किंवा "सिलेक्ट स्प्रूस" लिहिलेलं असेल आणि सॉलिड हा शब्द नसेल तर ती लॅमिनेट धरून चला, सॉलिड असती तर कंपनीने ठळक अक्षरात लिहिलं असतं. वापरलेल्या गिटारमध्ये साउंडहोलच्या कडेला टॉर्च मारून बघा, वरच्या लाकडाच्या रेषा कडेच्या जाडीतून तशाच खाली उतरत असतील तर सॉलिड, मधे आडवा वेगळ्या रंगाचा थर दिसला तर लॅमिनेट. सॉलिड टॉप हळू वाजवल्यावर जास्त बोलतो, हलक्या आणि जोरकस आघातातला फरक दाखवतो, फिंगरस्टाइल (बोटांनी एकेक तार छेडून वाजवणं) करणाऱ्याला तो लगेच जाणवतो. मागची आणि बाजूची लाकडं या किमतीत लॅमिनेटच असतात, त्याचा विचार करत बसू नका.

पण लॅमिनेट म्हणजे टाकाऊ असं अजिबात नाही. यामाहाने १९६६ मध्ये एफजी मालिका सुरू केली, तिची एफजी-१८० लॅमिनेट टॉपचीच होती, आणि ती लोक आजही शोधून शोधून घेतात. (त्या जुन्या लाल लेबलच्या गिटारी बघायला गेलात तर वरची सॅडलची आणि कोनाची तपासणी दुप्पट काळजीने करा, वयामुळे बऱ्याच जणींचा नेक रीसेटला आलेला असतो.) लॅमिनेट टॉप हवेतल्या बदलाला कमी हलतो, तडकत नाही, वसतिगृहात, प्रवासात, लहान मुलांच्या घरात तो बिनधास्त टिकतो. मार्टिनच्या एक्स मालिकेत तर लाकडाऐवजी एचपीएल म्हणजे दाबून बनवलेलं शीट वापरतात, तेही याच कारणाने दणकट असतं. नव्यात माझ्या हातून वारंवार जाणाऱ्या आणि ज्यांच्याबद्दल मला खात्री वाटते अशा म्हणजे लॅमिनेटमध्ये यामाहा एफ३१०, आणि थोडं जास्त बजेट असेल तर सॉलिड टॉपमध्ये २०१६ ला आलेली एफजी८००, तिचीच लहान बॉडीची बहीण एफएस८००, फेंडरची सीडी-६०एस. यापलीकडेही चांगल्या आहेत, पण नाव कुठलंही असो, वरची मापं घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, एकाच मॉडेलच्या दोन पीसमध्ये ॲक्शनचा फरक मी रोज बघतो. दुकानात असाल तर दोन-तीन पीस काढायला सांगा, त्यात काहीही संकोच नको.

आकाराबद्दल. बहुतेक स्वस्त गिटारी ड्रेडनॉट आकाराच्या असतात, मार्टिनने १९१६ साली पहिल्यांदा बनवलेला, त्या काळच्या ब्रिटिश युद्धनौकेचं नाव दिलेला हा आकार. आवाज भरदार, गाण्याबरोबर कॉर्ड वाजवायला मस्त. पण त्याची खोली साधारण १२४ मिमी असते, छोट्या चणीच्या माणसाला उजवा खांदा वर उचलून बसावं लागतं आणि तासाभरात मान दुखते. ओएम किंवा कॉन्सर्ट आकाराची खोली १०५ मिमीच्या आसपास, कंबर बारीक, मांडीवर नीट बसते. बसून शिकणाऱ्या बहुतेकांना मी हीच सुचवतो. स्केल म्हणजे तारेची वाजणारी लांबीही बघा, ६४५-६५० मिमी नेहमीची, ६२८ च्या आसपासची छोट्या स्केलची गिटार त्याच सुराला कमी ताणात राहते आणि बोटांना मऊ लागते. नटची रुंदी ४३ मिमी असेल तर कॉर्ड धरायला सोपं, ४४.५ असेल तर जाड बोटांना आणि फिंगरस्टाइलला मोकळं. डावखुऱ्या माणसाने उजव्या गिटारच्या तारा उलट्या लावून भागवू नये, नटच्या खाचा, सॅडलचा तिरपेपणा, पाटीला आतून आधार देणाऱ्या पट्ट्या सगळं उलटं होतं.

नायलॉनच्या तारांची क्लासिकल घ्यावी का असं पण बरेच विचारतात. बोटांना ती नक्कीच मऊ, ताण जवळजवळ निम्मा, ४० किलोच्या आसपास. पण नेक ५२ मिमी रुंद आणि सपाट, आवाज वेगळाच, ज्यांना फिल्मी गाणी स्ट्रमिंग करून गायची आहेत त्यांना तो आवाज हवा तसा वाटत नाही आणि काही महिन्यात ते दुसरी घेतात. क्लासिकल वाजवायचंय, किंवा हात खरंच दुखरे आहेत, तर जरूर घ्या. फक्त तिच्यावर स्टीलच्या तारा कधीही चढवू नका, तिची पाटी तेवढ्या ताणासाठी बनलेलीच नसते, आज ना उद्या ब्रिज उपटून येतो.

आता वापरलेली गिटार बघायला जाताना. सोबत टॉर्च, स्टीलची पट्टी, कार्डं आणि फोन. दिवसाउजेडी जा. पहिलं, ट्यून करा. मग हेडस्टॉककडून एका डोळ्याने नेकच्या दोन्ही कडा बघा, सारख्या बाकाने जाताहेत की एक कड वळलीय. पिळलेला नेक सळईने सुधरत नाही, तिथूनच परत फिरा. मग ॲक्शन, सॅडल, कोन, वर सांगितलं तसं. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकेकदा वाजवा, कंटाळा येतो पण कराच, पाच मिनिटं लागतात. एकाच जागी झणझणत असेल तर तिथल्या पुढचा फ्रेट उचललेला असतो, तो ठोकून किंवा घासून सरळ होतो. पहिल्या तीन फ्रेटवर बारीक तारांखाली खड्डे पडलेले असतात, उथळ असतील तर फ्रेट लेव्हल करून भागतं, खोल असतील आणि फ्रेटच बदलायला लागणार असतील तर स्वस्त गिटारला ते परवडत नाही.

ब्रिजच्या मागच्या कडेला कागदाचा तुकडा सरकवून बघा. आत शिरत असेल तर ब्रिज सुटायला लागलाय. हे दुरुस्त होतं, वेळेत केलं तर नीट होतं, पण किमतीतून तेवढं वजा करून मागा. ब्रिजच्या मागे पाटी किंचित फुगलेली असणं नॉर्मल आहे, ताणाने थोडी फुगतेच, पण साउंडहोल आणि ब्रिजच्या मधला भाग खोल बसलेला दिसला तर आतल्या पट्ट्या सुटल्या असण्याची शक्यता फार. पाटीवर आणि मागे सगळीकडे बोटाच्या पेराने हलकं ठोकत जा, एका जागी पत्र्यासारखी खरखर आली की तिथली पट्टी सुटलीय. फोनचा कॅमेरा साउंडहोलमधून आत घालून व्हिडिओ काढा, ब्रिजखालची लाकडी पट्टी फाटलीय का, आधी कोणी गोंद फासलाय का सगळं दिसतं. टॉपवर रेघ दिसली आणि ती फक्त पॉलिशची की लाकडाची हे कळत नसेल तर अंधाऱ्या खोलीत टॉर्च आत ठेवा, रेघेतून उजेड आला तर लाकूड आरपार तडकलंय. तडकलेलं लाकूडही चिकटवता येतं, त्यामुळे तडा दिसला म्हणून लगेच नाही म्हणायची गरज नाही, भाव करायची गरज आहे. हेडस्टॉक मोडून चिकटवलेला असेल आणि जोड घट्ट, जुना, ताणाखाली न उघडणारा असेल तर तो बहुतेक वेळा आयुष्यभर टिकतो, अशा गिटारी निम्म्या किमतीत मिळतात आणि वाजायला उत्तम असतात. दिसायला नको वाटतं म्हणून लोक सोडतात, मी सोडत नाही.

ओरखडे, उडालेलं पॉलिश, हरवलेला पिकगार्ड, गंजलेल्या तारा, एखादी ढिली खुंटी यांच्याकडे दुर्लक्ष करा, उलट त्यांच्यामुळे किंमत उतरते. गंजलेल्या तारांवर सूर जुळले नाहीत म्हणून गिटारला दोष देऊ नका, शक्य असेल तर नव्या तारांवरच बाराव्या फ्रेटची तपासणी करा: तिथे नुसतं स्पर्श करून वाजणारा हार्मोनिक आणि दाबून वाजवलेला सूर ट्युनरवर एकच दाखवले पाहिजेत. थोडा फरक चालतो, ॲक्शन उतरल्यावर तो बराच कमीही होतो.

पिकअपचं उत्तर सरळ आहे, स्टेजवर वाजवायचं नक्की असेल तरच. कमी किमतीत पिकअप आणि प्रीॲम्प (त्याचा आवाज वाढवणारं सर्किट) घातला की कंपनी तेवढे पैसे दुसरीकडून काढते, आणि तो बहुधा टॉप लॅमिनेट करूनच काढते. पुढे गरज लागली तर पिकअप नंतर बसवता येतो, टॉप बदलता येत नाही. वापरलेली पिकअपवाली मिळत असेल तर बॅटरीचा कप्पा उघडून बघा, फुटलेल्या बॅटरीने आतले पॉइंट हिरवे झालेले असतात. आणि प्लग न लावता पण वाजवून बघा, रोज तर तशीच वाजवणार आहात.

मग तुमच्या दोन पर्यायांतली कुठली? तुमच्यासोबत गिटार कळणारं कोणी यायला तयार असेल, किंवा वरची मापं तुम्ही स्वतः शांतपणे घेऊ शकत असाल, आणि वापरलेलीची सॅडल कमीत कमी तीन मिमी वर असेल, नेक सरळ असेल, तर डोळे झाकून नव्हे पण नक्की वापरलेली सॉलिड टॉप घ्या, तेवढ्याच पैशात नवीनमध्ये तसा आवाज मिळत नाही. विकणारा घाई करत असेल, ट्यून करू देत नसेल, फक्त फोटो पाठवत असेल तर नवीन घ्या, परत करायची मुदत असलेल्या ठिकाणाहून, आणि त्या मुदतीच्या आतच मोजमाप करा. दोन्ही बाबतीत बजेटचा साधारण पाचवा हिस्सा बाजूला ठेवा, सेटअप, एक चांगला तारांचा सेट आणि पिशवी यासाठी. सगळे पैसे गिटारवर घालवून ती उंचच्या उंच वाजवत बसण्यापेक्षा एक पायरी खालची गिटार सेटअप करून घेतलेली कधीही चांगली, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

तारा पहिल्यांदा ११-५२ किंवा १०-४७ च्या घ्या. दहाच्या सेटचा एकूण ताण ५५ किलोच्या आसपास येतो, बाराच्या सेटपेक्षा बोटांना बराच हलका, आवाज थोडा बारीक होतो पण पहिल्या सहा महिन्यांत त्याने काही बिघडत नाही. सेटअप करणाऱ्याला आधीच सांगा की मी दहाच्या तारा वापरणार आहे, कारण ताण बदलला की नेकचा बाक बदलतो. अजून हलकी हवी असेल तर सगळी गिटार अर्धा सूर खाली ट्यून करा आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, सूर तेच राहतात, ताण कमी होतो आणि नटची उंचीही मधून निघून जाते.

हवेचं पण एक लक्षात असू द्या, विशेषतः सॉलिड टॉप घेतलात तर. ४५ ते ५५ टक्के आर्द्रता गिटारला मानवते. हवा फार दमट झाली की पाटी फुगते आणि ॲक्शन वाढते, फार कोरडी झाली की पाटी बसते, तारा झणझणायला लागतात आणि नेकच्या कडेला फ्रेटची टोकं बोटाला टोचतात. वापरलेली बघताना ही टोकं टोचली तर ती कोरड्या जागी राहिलीय असं समजा आणि तडे जास्त बारकाईने शोधा. घरी बंद केसमध्ये ठेवा, भिंतीला टांगून उन्हात नको, आणि बंद गाडीत तर अजिबात नको, तापलेल्या गाडीत ब्रिजखालचा गोंद मऊ होतो. आणली त्या दिवशी बाराव्या फ्रेटची दोन्ही मापं आणि सॅडलची उंची एका कागदावर लिहून केसमध्येच ठेवा, तारांचा नंबर पण लिहा. पुढे कधी ती कडक वाटायला लागली की परत मोजा, फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत असेल तर बहुधा हवेचा आहे आणि ऋतू बदलला की उतरतो, एक मिलिमीटरवर गेला तर तारा उतरवून दुरुस्तीवाल्याकडे न्या.